घोड्यांचे पारखी, कुटुंबवत्सल तंजावरचे सरफोजी राजे

तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजी राजे (दुसरे) यांचे नाव निघाले की सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. परंतु त्यांच्या हयातीत आसपासच्या छावण्यांतील इंग्रज अधिकारी त्यांना आणखी एका कारणासाठी मान देत. राजे घोड्यांचे अस्सल जाणकार आणि वाघाच्या शिकारीत विचलित न होणारे नेमबाज होते. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर मार्च १८२६ मध्ये तंजावरला आले, तेव्हा लाव्हाझिए आणि लिनिअस यांचे दाखले सहज देणाऱ्या या राजाच्या अश्वपारखीची नोंद त्यांनी आपल्या पत्रात आवर्जून केली.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. घोडदळ हा मराठी सत्तेचा कणा होता. त्यांच्या या वंशजाच्या वाट्याला मात्र रणांगण आलेच नाही.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी झाला. अपत्यहीन झालेल्या तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी, १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्यावर त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी सोपवली. गादी मात्र तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली. दत्तकविधान अवैध ठरवण्यात आले. किल्ल्यात कोंडलेल्या अवस्थेत या मुलाची काही वर्षे गेली. शेवटी श्वार्ट्झ यांच्या प्रयत्नांनी त्यांना मद्रासला हलवण्यात आले आणि तेथे त्यांचे शिक्षण सुरू झाले.

कंपनी सरकारने दत्तकाच्या प्रश्नाचा फेरविचार करून १७९८ मध्ये त्यांना गादीवर बसवले. पण पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे किल्ला, वार्षिक एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. घोड्याच्या पाठीवरून मिळवलेले राज्य कागदावरील सहीने गेले, असेच म्हणावे लागेल. त्या वेळी सरफोजी अवघे बावीस वर्षांचे होते.

मोकळा झालेला वेळ त्यांनी विद्येकडे वळवला. घोड्यांबद्दलची आस्था येथेही दिसते. घोड्याचे रंग, अंगावरील भोवरे, शुभाशुभ लक्षणे सांगणारे, नकुलाच्या नावाने प्रसिद्ध असलेले अश्वशास्त्र सरस्वती महालाच्या संग्रहात सचित्र हस्तलिखिताच्या रूपाने आहे. ग्रंथालयाने ते १९५२ मध्ये छापून प्रसिद्ध केले. राजांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून उपचारांच्या नोंदी ठेवण्याचा त्यांचा परिपाठ तर आजच्या वैद्यांनाही अभ्यासावासा वाटतो.

सहचरी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ राजांनी ओरत्तनाडू येथे अन्नछत्र उभारले. घोडे आणि हत्ती ओढत असलेल्या रथासारखा त्याचा दर्शनी भाग घडवलेला आहे. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना येथे अन्न मिळे आणि मुलांना शिक्षणही. ही छत्रे आपल्या हातून जाऊ नयेत, म्हणून १८०१ मध्ये राजांनी कंपनीच्या रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिले. राज्य गमावताना त्यांनी इतका आग्रह धरल्याचे दिसत नाही.

१८२० ते १८२२ या काळात सुमारे तीन हजारांच्या लवाजम्यासह त्यांनी काशीयात्रा केली. या यात्रेचे वर्णन मराठी लावण्यांत उतरले.

हेबर यांच्या भेटीत राजांच्या घरातील एक हळवी बाजू समोर आली. राजपुत्र शिवाजी सुमारे सतरा वर्षांचा, प्रकृतीने नाजूक होता. त्याला योग्य शिक्षण मिळत नाही याची खंत राजांना होती. हेबर यांनी त्याला आपल्याबरोबर प्रवासाला आणि पुढे कलकत्त्याला नेण्याची तयारी दाखवली. राजे अनुकूल होते. राणीसाहेबांनी मात्र साफ नकार दिला. दोन मुलगे त्यांनी आधीच गमावले होते, हा एकच उरला होता, आणि दूर गेला तर तो जिवंत परतणार नाही अशी त्यांची खात्री होती. राजांनी आईच्या शब्दापुढे आपली इच्छा बाजूला ठेवली. स्वतः बालपणी घरापासून तुटलेल्या माणसाला हा निर्णय किती जड गेला असेल, किंवा किती सोपा, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

तंजावर सोडल्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिल १८२६ रोजी, हेबर यांचा तिरुचिरापल्ली येथे स्नान करताना अकस्मात मृत्यू झाला.

सरफोजी राजे ७ मार्च १८३२ रोजी निवर्तले. घरीच राहिलेला शिवाजी गादीवर आला. १८५५ मध्ये तो पुत्राविना मरण पावला आणि कंपनीने तंजावरचे राजपद संपुष्टात आणले.