पंडिता रमाबाई: लेक गेली, तरी येशूवरचा विश्वास का ढळला नाही?

जुलै १९२१. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. वय अवघं ४०. केडगावच्या मुक्ती मिशनची धुरा पुढे तीच सांभाळेल, अशी रमाबाईंची आशा होती. त्यांना ख्रिस्ती होऊन तेव्हा ३८ वर्षं होत आली होती. इतक्या वर्षांच्या भक्तीचं हेच फळ का, असा प्रश्न कुणालाही पडला असता. रमाबाईंनी मात्र येशूची साथ सोडली नाही. असं का?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थक्षेत्री पुराणं सांगत फिरायचे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते दानधर्म आणि अनुष्ठानांत संपलं. देव संकट टाळेल, ही आशा होती. पण वडील, आई आणि थोरली बहीण एकामागोमाग गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कमी ऐकू येत असल्याने ते स्वप्न मोडलं. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग सगळं सुरळीत झालं का? उलट झालं. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. मुलींना ख्रिस्ती केलं जात असल्याचा आरोप झाला आणि १८९३ मध्ये वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे त्यांच्या आत्मकथनातला एक मुद्दा महत्त्वाचा आहे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्या सांगतात. तो सापडायला आणखी सुमारे ८ वर्षं लागली. म्हणजे मागितलेलं मिळालं म्हणून त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यामुळे मागितलेलं मिळालं नाही, म्हणून तो तुटलाही नाही. नवस फेडण्या-न फेडण्याचा हिशेब त्यात नव्हताच.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, विधवांना घेऊन आल्या. ज्या दुष्काळाने त्यांचं घर संपवलं होतं, तसल्याच दुष्काळातून या मुली आल्या होत्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं.

मनोरमा गेली तेव्हा एक काम हातात होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाई बायबल साध्या मराठीत आणत होत्या. दुःख मोठं होतं, तब्येतही खालावली होती. तरी त्यांनी ते काम तडीस नेलं.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. लेकीनंतर ९ महिन्यांच्या आत. मुक्ती मिशनचं काम केडगावला आजही सुरू आहे.