पंडिता रमाबाई आणि मूळ शब्दाचा शोध

पंडिता रमाबाई म्हटले की शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन आणि त्यांच्या धर्मांतराने पुण्यात उठलेले वादळ एवढेच आपल्याला आठवते. त्यांनी आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे ज्या कामाला वाहिली, ते बायबलच्या मराठी भाषांतराचे काम मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. वास्तविक बाईंची विद्वत्ता खऱ्या अर्थाने कसोटीला लागली ती तेथेच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या लेकीला दिली. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हे कुटुंब हिंडले. १८७४ च्या सुमारास उपासमारीने आईवडील गेले, बहीणही गेली. उरली दोन भावंडे पायी देश पालथा घालीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

पण याच कलकत्त्यात त्यांच्या मनात खळबळ सुरू झाली. केशवचंद्र सेनांनी वेद वाचावयास सांगितले. व्याख्यानांच्या निमित्ताने धर्मशास्त्राचे ग्रंथ त्यांनी बारकाईने चाळले. इतर बाबतींत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांना कमी लेखण्यात मात्र एकमत आहेत, हे त्यांना दिसले. पाठांतराने जे पोटात होते तेच आता डोळ्यांत सलू लागले.

पुढे भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावींशी झालेला विवाह दीड-दोन वर्षांतच वैधव्यात संपला. लहानग्या मनोरमेला घेऊन बाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे महाराष्ट्र संतापला. परंतु नव्या धर्मातही बाई आज्ञाधारक शिष्या झाल्या नाहीत, हे त्या संतापात कोणी पाहिले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्रैक्याचा सिद्धान्त आणि अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार बायबलमध्ये नेमका कोठे आहे, असे त्या विचारीत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्याला संस्कृत का चालू नये, हाही त्यांचा प्रश्न होता. ग्रंथ आणि ग्रंथावर नंतर चढलेली मते या दोन गोष्टी त्या वेगळ्या ठेवीत. शास्त्र्याच्या मुलीला मूळ आणि टीका यांतला फरक निराळा शिकवावा लागत नाही.

१८८९ मध्ये शारदा सदन, दुष्काळातून आणलेल्या मुली, १८९८ पासून केडगाव : हा इतिहास सर्वश्रुत आहे. या साऱ्या व्यापात, आधीच मंद असलेले कान घेऊन, चाळिशी उलटल्यावर बाई हिब्रू आणि ग्रीक या भाषांकडे वळल्या. मराठीत बायबल नव्हते असे नाही. पण ते संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातल्या बाईला कळत नाही, आणि त्यातले कित्येक शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ सोबत घेऊन येतात, ही त्यांची तक्रार होती. अडचण केवढी आहे पाहा. हिब्रूतला ‘रूआह’ हा एकच शब्द वारा, श्वास आणि आत्मा असे तिन्ही अर्थ देतो. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात तो येतो. त्यासाठी ‘आत्मा’ लिहिले की आपल्याला उपनिषदे ऐकू येतात. ‘वारा’ लिहिले तर भक्त रागावतो.

अवघड वचनांचेही असेच. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी सभेत गप्प बसावे असे एक वचन आहे. ते एकटे वाचले तर स्मृतिग्रंथांची आठवण व्हावी! पण त्याच पत्रात आधी, स्त्रियांनी प्रार्थना करताना नि संदेश सांगताना मस्तक झाकावे असे आले आहे. म्हणजे त्या सभेत बोलत होत्याच. रोमन अमलाखालच्या एका गजबजलेल्या ग्रीक बंदरातील भांडखोर मंडळीला, तिच्या तक्रारींना उत्तर म्हणून हे पत्र गेले, हे लक्षात घेतल्यावाचून दोन्ही वचनांचा मेळ बसत नाही. मुक्ती मिशनमध्ये तर बायकाच प्रार्थना चालवीत आणि १९०५ नंतर त्यांची पथके गावोगाव उपदेशाला जात. माझ्या मते हेही एक भाष्यच होय.

आपल्या गोदाकाठी हे काम नवे नाही. पैठणला नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला, तो याच तळमळीने. गाइडावर परीक्षा उरकणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना ही तळमळ अंमळ अवघडच वाटते!

बाईंना आधुनिक अर्थाने चिकित्सक म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. त्या काळी जर्मन पंडित बायबलची थर उकलून चिरफाड करीत होते. ती वाट बाईंची नव्हती. श्रद्धा अढळ ठेवून त्या शब्दापुरत्या कठोर राहिल्या. त्यामुळे भाषांतर मुळाला इतके चिकटले की मराठी ठिकठिकाणी अडखळते, आणि चर्चमधून ते रूढही झाले नाही.

मुक्तीच्या स्त्रियांनी स्वतः खिळे जुळविले, छापले, बांधले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. बाई मुद्रिते तपासीतच राहिल्या, आणि ती संपतात न संपतात तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.