एडिसन आणि फ्यूजची तार

मला सगळ्या शास्त्रज्ञांत थॉमस अल्वा एडिसन फार आवडतात. त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील मिलान या गावी झाला. ते शाळेत थोडेच दिवस गेले. त्यांची आई शिक्षिका होती. तिनेच त्यांना घरी शिकवले. लहानपणी ते आगगाडीत वर्तमानपत्रे विकायचे. त्यांना ऐकू कमी यायचे. तरी त्यांनी प्रयोग सोडले नाहीत.

१८७९ साली त्यांनी पुष्कळ तास टिकणारा विजेचा दिवा तयार केला. १८८२ साली न्यूयॉर्क शहरात त्यांचे वीजघर सुरू झाले. पण तारेतून जास्त वीज गेली की तार तापते आणि आग लागते. म्हणून एडिसन यांनी फ्यूज बसवले. १८९० साली त्यांना फ्यूजचे पेटंट मिळाले.

फ्यूजमध्ये लवकर वितळणारी बारीक तार असते. वीज जास्त झाली की ती आधी वितळते आणि वीज बंद पडते. मला त्या तारेचे नवल वाटते. ती स्वतः जळते अन् घर वाचवते! मग जळलेला भाग तेवढा काढायचा आणि नवा घालायचा. खर्चही थोडाच.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन वारले.

फ्यूज सारखा उडतो म्हणून काहीजण त्यात जाड तार घालतात. ती वितळतच नाही, मग घरातल्या तारा पेटतात. पालकांनो, असे करू नका. मेन स्विच बंद करून वायरमनकाकांकडून योग्य मापाचीच तार घालून घ्या. आणि मुलांनो, आपण फ्यूजला हात लावायचा नाही.

– इयत्ता ४ थी