नागपूरचे हिस्लॉपसाहेब

आपल्या बडनेऱ्याहून गाडीत बसले की नागपूर येते. तिथे हिस्लॉप कॉलेज आहे. ते ज्यांच्या नावाचे आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांची माहिती मी देत आहे.

त्यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंड देशातील डन्स या गावी झाला. 1845 साली ते धर्मप्रचारासाठी नागपूरला आले. तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते आणि आगगाडी तर नव्हतीच. ते मराठी शिकले. 1846 साली त्यांनी शाळा काढली.

पण त्यांना गोटे पाहायचा भारी नाद होता. 1851 साली नागपूरजवळच्या टाकळी येथे त्यांना व त्यांचे सोबती हंटर यांना दगडात बारीक शंख दिसले. मग त्यांनी तो थर नीट तपासला. त्यात शिंपले, माशांचे खवले, बिया, फळे, इतकेच काय किड्यांचे पंखसुद्धा निघाले! सारे दगड झालेले. अशांना जीवाश्म म्हणतात.

हा थर काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मधात होता. काळा दगड म्हणजे जमिनीतून निघालेला तापलेला रस थंडा होऊन बनलेला. आपल्या वावरातली काळी माती त्याच दगडाची झीज होऊन झाली आहे. हिस्लॉपसाहेबांनी ओळखले, की हे शंख समुद्रातले नाहीत, गोड्या पाण्यातले आहेत. म्हणजे इथे तळी होती! तळाशी गाळ बसला, गाळात बिया न शंख दबले, आणि वरून रसाचा लोंढा आला. ही गोष्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची आहे. त्यांच्या काळी एवढी वर्षे कोणालाच मोजता येत नव्हती. पुढे बिरबल साहनी या शास्त्रज्ञांनी अशाच थरांतल्या झाडांचा अभ्यास केला. त्यात ताडाच्या जातीची झाडे आहेत, म्हणून तेव्हा इकडची हवा गरम व ओलसर होती असे समजते.

गाळावरून जुनी हवा कळते हे ऐकून नवल वाटते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरातूनही 2008 साली शास्त्रज्ञांनी नळीने 10 मीटर गाळ काढला. त्यात सुमारे 11,000 वर्षांचा हिशेब निघाला. 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वी पाऊसपाणी फार कमी झाले होते. सातशे वर्षे! आपल्याकडे एक साल पाणी नाही आले तर कपाशीचे काय होते ते सर्वांना माहीतच आहे.

हिस्लॉपसाहेबांचा जीव मात्र पाण्यानेच गेला. 4 सप्टेंबर 1863 रोजी ते बोरीजवळ टाकळघाटला जुन्या काळची दगडांची वर्तुळे पाहायला गेले होते. (ही टाकळी नव्हे, हे गाव वेगळे.) परत येताना नाल्याला पूर होता. ते घोड्यावर होते तरी वाहून गेले. आणखी चार दिवसांनी त्यांना 46 वर्षे पूर्ण झाली असती.

गोंड लोकांविषयी त्यांनी लिहून ठेवलेले कागद 1866 साली छापले गेले. कॉलेज 1883 साली निघाले. टाकळी आता नागपूर शहरातच आली आहे.