सुलतान सलाहुद्दीन आणि बैतुल मुकद्दस

तिकरीतला हा कुर्द सरदारपुत्र आपल्याला माहीत आहे तो ११८७ मुळे. मिसर, शाम, जझीरा इथल्या फौजा जमवून सुलतानांनी ८८ वर्षं फ्रँकांच्या ताब्यात असलेल्या बैतुल मुकद्दसला वेढा दिला. पश्चिमेकडून काही जमेना, मग तळ उत्तरेला हलवून तटाखाली सुरुंग खणला. शहर तलवारीनेच घ्यायची शपथ होती. पण आतल्या मुस्लिम कैद्यांना मारू, अशी धमकी बालियनने दिली आणि सुलतानांनी शपथ बाजूला ठेवली. २ ऑक्टोबरला शहर मिळालं. खंडणी पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५. भाऊ आदिल यांनी हजार गरीब मागून घेतले न् सोडून दिले. तरी पैसे नसलेले हजारो गुलाम झालेच, हे आम्ही लपवणार नाही. ११९३ मध्ये दमास्कसला सुलतान वारले, तेव्हा खजिन्यात १ दिनार आणि ४७ दिरहम निघाले. दफनाचा खर्चही उसनवारीवर झाला.