आत्मत्याग आणि संसार

आमच्या राधानगरीच्या पेठेंतील व्यापारी मंडळी पुण्यास जातांयेतां सातारा ओलांडतात. १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासी झालेल्या एका मराठी कवीनें त्याच शहरीं आपलें बिऱ्हाड केलें होतें, हें त्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. ते कवि म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं ब्राह्मण कुळांत झाला. आगगाडींत एका युरोपीय प्रवाशानें दिलेला ‘नवा करार’ त्यांनीं वाचला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. जात गेली, आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाईहि कांहीं वर्षें अंतरल्या. एवढा मोठा त्याग एकदां केला कीं सर्व पार पडलें, असें कोणासहि वाटेल. परंतु आत्मत्याग करून वधस्तंभ उचलावा ही ख्रिस्ताची आज्ञा तीन शुभवर्तमानांत असली, तरी ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूकनेंच नोंदिला आहे. सारी अडचण त्या एका शब्दांत आहे. वर्षांतून एकदां देणगी देणें आम्हां पेठकरांस जड जात नाहीं. उपवासाचें म्हणाल, तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आमचीच आहे.

टिळकांचा स्वभाव मोठा तापट. तो आवरणें हाच त्यांचा रोजचा झगडा होता. पैसा त्यांच्या हातीं टिकत नसे; गरजू दिसला कीं तो तिकडे जाई, आणि अनाथ मुलें घरीं येत. यांत थोरवी आहे, हें आम्ही मान्य करतों. तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलणें आम्हांस अवश्य वाटतें. घरांतील चूल कशी पेटावी याची विवंचना मात्र लक्ष्मीबाईंस करावी लागे. पतीनें द्यावें आणि पत्नीनें उपाशी राहावें, यांत त्याग कोणाचा ? तो तिजला न विचारतां केलेला असेल, तर त्यास आत्मत्याग म्हणावयास आम्ही धजत नाहीं.

लक्ष्मीबाईंनीं त्याग केला तो आपल्या बुद्धीनें. पतीकडे परत आल्यावरहि त्या सोंवळें पाळीत. पुढें स्वतः विचार करून त्यांनीं तें सोडलें, आणि १९०० सालीं त्यांचाहि बाप्तिस्मा झाला. पतीच्या दानशूरपणाचे घरावर झालेले परिणाम त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत हंसत हंसत, पण कांहीं न लपवितां सांगितले आहेत.

टिळकांनीं अखेरच्या काळांत ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत यावे, हा त्यांचा हेतु. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा देह पडला, तेव्हां ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरेंच होतें. त्याचा बहुतेक सर्व भाग पुढें लक्ष्मीबाईंनीं रचिला.