ध चा मा आणि आनंदीबाई

पेपर उघडला की महिन्यातून एखादी तरी अशी बातमी असतेच. दोघांनी मिळून तिसऱ्याचा काटा काढला. कधी नवरा-बायको, कधी प्रियकर-प्रेयसी. अशा बातमीत मला नेहमी एक गोष्ट खटकते. हत्यार पुरुषाने चालवलेले असले तरी गावात चर्चा होते ती बाईची. तिनेच त्याच्या डोक्यात भरवले असेल, नाहीतर तो बिचारा असा नव्हता! आमच्या बपेऱ्यात काय किंवा तुमसरात काय, पारावर बसलेल्या माणसांचे आणि विहिरीवरच्या बायकांचे या बाबतीत एकमत असते.

मैत्रिणींनो, मराठी मुलखात या तऱ्हेच्या जोडप्यांत सगळ्यात जुने आणि गाजलेले नाव कोणते, असे विचारले तर शाळेत गेलेले कुठलेही पोर सांगेल. राघोबादादा आणि आनंदीबाई. त्यातही आनंदीबाई आधी. कागदावर एक अक्षर बदलून पुतण्याचा जीव घेणारी बाई, एवढीच तिची ओळख. तिच्या नावाची म्हण झाली. ग्रामसभेच्या ठरावात सचिवाने एखादा शब्द इकडचा तिकडे केला, तरी ध चा मा केला म्हणतात. पण ही बाई होती कोण, तिचे आयुष्य कसे गेले, हे फारसे कोणी सांगत नाही.

आनंदीबाई माहेरची ओक. कोकणातले घराणे. बाजीराव पेशव्यांचा धाकटा मुलगा रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, याची पहिली बायको जानकीबाई १७५५ मध्ये वारली आणि त्यानंतर लगेचच आनंदीबाई त्याची दुसरी बायको म्हणून पेशव्यांच्या घरात आली. नवरा मोठा पराक्रमी. १७५८ मध्ये मराठ्यांची फौज पार अटकेपर्यंत गेली, ती याच्याच पुढारपणाखाली. पण स्वभाव उतावळा, कानाचा हलका, पैशाचा हिशेब नाही. घरात असा माणूस असला की बायकोला काय काय निस्तरावे लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

१७६१ मध्ये पानिपत झाले. थोरला भाऊ नानासाहेब पेशवा त्याच वर्षी गेला. आता कारभार आपल्याकडे येणार, असे दादाला वाटले. पण गादी मिळाली नानासाहेबाच्या सोळा वर्षांच्या मुलाला, माधवरावाला. तिथून काका-पुतण्याची जी भाऊबंदकी सुरू झाली ती थांबलीच नाही. दोनदा लढाईपर्यंत गेले. १७६८ मध्ये धोडपला माधवरावाने काकाला हरवले आणि पुण्याला आणून शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवले. नवरा कैदेत म्हणजे बायकोही कैदेतच की. मोठ्या घरची सून म्हणून आलेली बाई पहाऱ्यातल्या दालनांत दिवस काढू लागली. पोटचा मुलगा तेव्हा हाताशी नव्हता, अमृतरावाला दत्तक घेतले होते. नाशिकजवळचा नवश्या गणपती या जोडप्याने मुलासाठी केलेल्या नवसातून झाला, असे तिकडे सांगतात.

माधवराव क्षयाने आजारी पडला. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला तो गेला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. जाण्यापूर्वी त्याने काकाला मोकळे केले होते आणि धाकट्या भावाला, नारायणरावाला, त्याच्या स्वाधीन केले होते. नारायणराव सतरा वर्षांचा. हट्टी, तापट, कोणाचे ऐकून न घेणारा. काही महिने बरे गेले. मग एप्रिल १७७३ मध्ये त्याने काकाला पुन्हा वाड्यातच कोंडले आणि पहारा आधीपेक्षा कडक केला. म्हणजे सोबत आनंदीबाईही पुन्हा कोंडली गेली. आता सुटका कधी होईल, याचा काही नेम नव्हता.

इथून कट शिजला. वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी होते. भाडोत्री शिपाई, पगार थकलेला. त्यांचे जमादार सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग. दादाचा विश्वासू नोकर तुळाजी पवार मधला दुवा. नारायणरावाला धरावे, असा कागद राघोबादादाने गारद्यांना दिला.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. काहीतरी शिजते आहे याची कुणकुण नारायणरावाला त्या दिवशी लागली होती. हरिपंत फडक्यांना त्याने बंदोबस्त करायला सांगितले, पण हरिपंत आधी जेवायला गेले आणि बंदोबस्त राहून गेला. दुपारी गारदी पगार मागत वाड्यात घुसले. अडवणाऱ्यांना कापत आत आले. नारायणराव झोपेतून उठून पळाला तो थेट काकाच्या दालनात. काकाला मिठी मारली, वाचवा म्हणून विनवले. त्या विनवणीची हाक अजूनही अमावस्येच्या रात्री शनिवारवाड्यात ऐकू येते, असे पुण्याचे लोक सांगतात. चापाजी टिळेकर नावाचा सेवक मालकाच्या अंगावर आडवा पडला. त्याच्यासकट नारायणरावाचे तुकडे केले गेले. वाड्यात त्या दिवशी दहा-अकरा माणसे मेली, त्यांत दासीही होत्या. पेशवा अठरा वर्षांचा होता. त्याची बायको गंगाबाई पोटुशी होती.

या सगळ्यात आनंदीबाई कुठे होती? तिच्यावरचा आरोप असा, की धरावेच्या जागी मारावे तिने केले.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. सव्वा-दीड महिने सगळे धागेदोरे तपासले. आरोपी म्हणजे खुद्द राज्याचा मालक, कारण तोवर राघोबादादा पेशवा झाला होता. तरीही शास्त्रीबुवांनी त्याच्या तोंडावर त्याला दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून वाईजवळच्या गावी निघून गेले. हा निकाल दादाविरुद्ध होता, हे इथे लक्षात ठेवायचे.

मग अक्षर बदलण्याची गोष्ट कुठून आली? ग्रँट डफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ मध्ये छापून आला. खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. मूळ कागद रामशास्त्र्यांच्या हाती लागला आणि त्यात शब्द बदललेला होता, असे तो सांगतो. तो बदल आनंदीबाईने केला, ही मात्र लोकांची समजूत म्हणून त्याने नोंदवली आहे. म्हणजे साक्ष नाही, पुरावा नाही, समजूत! पुढे १९०९ मध्ये खाडिलकरांचे भाऊबंदकी नाटक आले आणि ती समजूत रंगभूमीवर उभी राहिली. १९४४ मध्ये प्रभातचा रामशास्त्री आला, त्यात ललिता पवारांनी आनंदीबाई केली. एकदा ललिता पवारांनी केली म्हटल्यावर प्रेक्षकांच्या मनात दुसरे काय राहणार! आमच्या झाडीपट्टीत धान निघाले, मंडया भरल्या की रात्रभर नाटके चालतात. नाटकात खलनायिका जोरदार लागतेच, त्याशिवाय मागच्या रांगेतले लोक जागे राहत नाहीत. तमाशा, नाटक, सिनेमा, सगळीकडे तेच.

मी काही तिची वकिली करायला बसलेली नाही. ती शहाणी होती, करारी होती, राजकारणात लक्ष घालणारी होती. नवऱ्याच्या कोंडीची झळ तिलाही बसत होती, आणि पुतण्या गेला तर गादी आपल्या घरात येणार हे न कळण्याइतकी ती भोळी नसणार. कट तिला माहीत असू शकेल. तिने फूस दिली असेल, असेही म्हणता येईल. पण समजा अक्षर बदललेच नसते, तरी थकल्या पगाराचे चिडलेले हत्यारबंद शिपाई पेशव्यावर सोडायचे आणि तो जिवंत हाती येईल असे मानायचे, हे अटकेपर्यंत फौज नेलेल्या माणसाला शोभते का? शिवाय पोर मिठी मारून बसले होते, तेव्हा काका समोरच होता. ज्याने कागद दिला त्याचे नाव दुसऱ्या क्रमांकावर गेले आणि जिच्यावर संशय होता तिची म्हण झाली. एवढेच माझे म्हणणे आहे.

खुनाने त्यांना मिळाले काय? नाना फडणवीस, सखारामबापू, हरिपंत वगैरे कारभाऱ्यांनी एकजूट केली, तेच बारभाई. गंगाबाईला त्यांनी पुरंदरावर नेऊन जपले. सोबत पानिपतावर नवरा गमावलेली पार्वतीबाई होती. १८ एप्रिल १७७४ ला गंगाबाईला मुलगा झाला, सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि राघोबादादाची पेशवाई काही महिन्यांतच आटोपली. नवऱ्याच्या खुनाचा शोक करत बाळंत झालेली ही कोवळी पोर १७७७ मध्ये वारली. तिच्यावर कोणी नाटक लिहायला हवे होते.

बारभाईंची फौज मागे लागली तसा दादा पळत सुटला. गरोदर आनंदीबाईला त्याने धारला पवारांच्या आश्रयाला ठेवले आणि स्वतः गुजरातेत गेला. जानेवारी १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात ती बाळंत झाली. तोच दुसरा बाजीराव. म्हणजे नवरा परागंदा, दाराशी शत्रू आणि मांडीवर तान्हे. इकडे मार्च १७७५ मध्ये दादाने सुरतेला इंग्रजांशी तह केला, साष्टी आणि वसई देऊ केली. त्यातून इंग्रज-मराठ्यांची जी लढाई पेटली ती १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने थांबली. दादाला महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. कोपरगावला राहायला आला आणि डिसेंबर १७८३ मध्ये तिथेच वारला. आनंदीबाई तेव्हाही गरोदर होती. धाकटा चिमाजी बापाच्या मागे, मार्च १७८४ मध्ये जन्मला.

पुढची दहा वर्षे तिने मुलांना घेऊन नाना फडणवीसांच्या पहाऱ्यात काढली. शेवटी मुक्काम नाशिकजवळ गोदावरीकाठी आनंदवल्लीला होता. हे गाव तिच्याच नावाने ओळखले जाते. १७९४ मध्ये ती गेली. दुसऱ्याच वर्षी सवाई माधवराव शनिवारवाड्यात कारंज्यावर पडून मेला आणि १७९६ मध्ये तिचा धारला जन्मलेला बाजीराव पेशवा झाला. ज्या गादीसाठी एवढे झाले त्या गादीवर मुलगा बसला, पण ते बघायला ती नव्हती.